मुकुंदाचं मशीन आणि माझा डावा हात

गौरीचा फोन आला तेव्हा मी चक्कीवर होतो. गहू अर्धे दळून झाले होते, पट्टा धडधडत होता आणि फोनमधून ती काय सांगते आहे ते मला ऐकू येत नव्हतं. गौरी म्हणजे माझ्या मित्राची, मुकुंद सोनटक्केची मुलगी. लग्न होऊन नागपूरला असते. मुकुंदा दिवाळीसाठी तिच्याकडेच गेला होता. मी म्हटलं, जोरात बोल बेटा. ती जोरात बोलली, तरी कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, जोरात. तिसऱ्यांदा त्या पोरीला अक्षरशः ओरडून सांगावं लागलं की काका, बाबा गेले, सकाळी चहा पिता पिता गेले... ते चक्कीवाल्याने ऐकलं आणि बटण दाबून चक्की बंद केली. मग मला सगळं नीट ऐकू येऊ लागलं, पण तोवर गौरीला बोलवेना.

नागपूर काही जगाच्या टोकाला नाही. जबलपूरहून गाडीने निघालं तर पाच-सहा तासांत माणूस पोचतो. पण मुलगा ड्यूटीवर, टॅक्सी ठरवता ठरवता दुपार झाली, आणि गौरीच्या सासऱ्यांनी कळवलं की चार वाजता नेतो आहोत, थांबवणं कठीण आहे. तेव्हा मी गेलो नाही. अर्ध्या दळलेल्या पिठाचा डबा घेऊन घरी आलो आणि सुनेला म्हटलं, उरलेले गहू उद्या आणतो.

हे लिहायला बसलो त्याचं कारण दुःख एवढंच नाही. मला एक कबुली द्यायची आहे. मुकुंदाने उतारवयात एक कॉम्प्युटर घरच्या घरी रेकॉर्डिंगसाठी उभा केला होता, आणि जवळजवळ वर्षभर मी म्हणत आलो की त्याच्या मशीनमधून आवाज उशिरा येतो. त्याच्या तोंडावर म्हटलं, चारचौघांत म्हटलं, एकदा तर माइकवर म्हटलं. ते खरं नव्हतं. खरं नाही हे मुकुंदाला माहीत होतं, आणि मला ते तो गेल्यावर कळलं.

मुकुंदा इथल्या फॅक्टरीत गेज रूममध्ये होता. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही ते तपासायचं, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. मधलं काही नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शावरून तो माल परत पाठवायचा आणि वर्कशॉपमधले लोक त्याच्या नावाने बोटं मोडायचे. एका साहेबाने त्याला केबिनमध्ये बोलावून गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग आवाज चढवून सांगून पाहिलं. मुकुंदा म्हणाला, साहेब, तुम्ही सही करा, मी करत नाही. साहेबानेही केली नाही. मी रेल्वेच्या रिझर्वेशन ऑफिसात. माझ्याकडे सगळं मधलंच असायचं... वेटिंग, अर्धी बर्थ, बघू, उद्या या. असे आम्ही दोघं पस्तिशीच्या आत असताना मराठी मंडळाच्या भजनात भेटलो. तो पेटी वाजवायचा, मी तबला. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांवर चिडत बरोबर वाजवत आलो.

माझी बायको सरला आधी गेली, चार वर्षांनी त्याची नंदावहिनी गेली. माझा मुलगा आणि सून प्रेमळ आहेत, पण घर हिंदीत चालतं. नातवंडांना मराठी समजते, बोलायला त्यांची जीभ वळत नाही. मी पाणी मागतो मराठीत, पाणी लगेच येतं, पण सोबत जे दोन शब्द येतात ते हिंदीत. त्यांचा काय दोष? मीच घरात कमी बोललो. सांगायचं एवढंच की मराठीत भांडायला मला मुकुंदा सोडून कोणी उरलं नव्हतं, आणि भांडायला तर तो पहिल्यापासून होताच.

तो रिटायर झाला आणि त्याच्या डोक्यात आलं की मंडळात आपण जी जुनी भजनं वाजवली त्यांच्या चाली आता कोणाला येत नाहीत. ज्या आजी आणि काकू त्या म्हणायच्या, त्यांच्यातली एकही उरली नाही. निदान पेटी-तबल्यावर तरी त्या ठेवून जाऊ. गौरीचा जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. बाजारात एका दुकानदाराने त्याला सांगितलं की रेकॉर्डिंगचं महागडं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर असंच टाकून देतो. मुकुंदाने विचारलं, असंच म्हणजे कसं? तो म्हणाला, सब चलता है अंकलजी. मुकुंदा पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवून घरी आला. चोरीच्या फूटपट्टीने मी मोजणार नाही, म्हणाला. मग कुठून तरी त्याला लिनक्सचा पत्ता लागला. बनवणाऱ्यांनीच सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली सिस्टिम आहे, तिच्यात चोरीचा प्रश्नच येत नाही, हे कळल्यावर नव्या गावी ट्रान्सफर झालेल्या माणसासारखा तो तिच्यात राहायलाच गेला.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा त्याने समजावून सांगितलं ते मात्र लक्षात राहिलं. थाप मारली की आवाज माइकमधून मशीनमध्ये जातो, मशीन तो थोडा थोडा साठवून मग हेडफोनमध्ये देतं. हे त्यांच्या फॅक्टरीतल्या चहावाल्यासारखं. तो मोठा ट्रे पूर्ण भरल्याशिवाय निघायचा नाही, म्हणून पहिला भरलेला कप पोचेपर्यंत कोमट व्हायचा. ट्रे लहान केला तर चहा गरम पोचतो, पण त्याच्या फेऱ्या वाढतात आणि वाटेत कोणी अडवलं की कप सांडतो. मशीनमधल्या त्या ट्रेला बफर म्हणतात, आणि कप सांडला की रेकॉर्डिंगमध्ये टिचकन आवाज होतो. मुकुंदाचं सगळं काम एवढंच होतं की ट्रे लहानात लहान करायचा आणि एकही कप सांडू द्यायचा नाही.

त्यासाठी त्याने काय केलं नाही! सिस्टिमचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात, तो बदलला. आमच्याकडे छावणी असल्यामुळे माझ्या सुनेला बरेच दिवस वाटत होतं की पप्पांच्या मित्राकडे कोणी मिलिटरीवाले येऊन राहिले आहेत. मग आवाजाच्या कामाला इतर कोणत्याही कामाने अडवू नये अशी परवानगी मशीनला दिली. मी म्हटलं, हा तर व्हीआयपी कोटा झाला. वायफाय बंद केलं, वीज वाचवणारी सोय बंद केली, माउस आणि साऊंड कार्ड एकाच बाजूच्या भोकांत लावले की कप सांडतात हे शोधायला त्याला पंधरा दिवस लागले. हेडफोनमध्ये भुंग्यासारखा आवाज यायचा तो अर्थिंग खराब असल्यामुळे. त्यावर त्याने रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराकडून तांब्याची पट्टी आणली आणि तुळशीपासून चार हात अंतरावर खड्डा खणून मीठ-कोळसा घालून ती पुरली. पंख्याचा आवाज नको म्हणून मशीनचा डबा तांदळाच्या कोठीशेजारी ठेवला आणि वायरी झरोक्यातून बैठकीत आणल्या. भिंतींवर नंदावहिनीच्या रजया टांगल्या. अडलं की तो जगभरच्या लोकांचा एक फोरम होता तिथे मोडक्या इंग्रजीत विचारायचा, आणि कुठकुठल्या देशांतले लोक त्याला उत्तरं द्यायचे. "माझे फोरमवाले" असं तो त्यांना म्हणायचा. मला थोडा हेवाच वाटायचा त्यांचा.

शेवटी एका गुरुवारी त्याने मशीनच्या तोंडातून निघालेली वायर मशीनच्याच कानात घातली आणि आवाजाला जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजलं. सहा मिलीसेकंद. म्हणजे सहा-सात फुटांवर बसलेल्या माणसाचा आवाज कानापर्यंत यायला लागतो तितकाच. त्या दिवशी तो इतका खूश होता की स्वतः जाऊन कचोऱ्या घेऊन आला. तेव्हापासून आमचा गुरुवार ठरला. सकाळी अकराला मी जायचो, एकपर्यंत वाजवायचो, मग तो खिचडी लावायचा आणि आम्ही मंडळातल्या लोकांना नावं ठेवत जेवायचो. सरला गेल्यानंतर माझे इतके बरे दिवस दुसरे कोणते गेले नाहीत, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

वर्ष-दीड वर्ष छान गेलं. मग मला जाणवायला लागलं की काहीतरी मागे पडतं आहे. तबल्याच्या जोडीत उजव्या हाताला तबला असतो आणि डाव्या हाताला डग्गा. तबला बरोबर यायचा, डग्गा मागून यायचा. मनात थाप पडायची आणि कानात ती जरा नंतर ऐकू यायची. मी हेडफोन काढून त्याला म्हटलं की तुझं मशीन पुन्हा उशीर करून राहिलं. त्याने वायर लावून मोजलं, सहा. मी म्हटलं, वायरीला काय कळतं, वाजवणाऱ्याला विचार. त्याने नवा कर्नल टाकला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याने ट्रे आणखी लहान केला, साऊंड कार्ड बदललं, माइकच्या वायरी बदलल्या. असं दोन-तीन महिने चाललं. मी मशीनचं नाव लेटलतीफ ठेवलं. गेलो की विचारायचो, काय म्हणतात तुमचे लेटलतीफ? तो हसायचा.

मग मीच एक सिद्धांत काढला. आज लिहितानाही लाज वाटते. मी म्हटलं, "मुकुंदा, डग्ग्याचा आवाज जड आहे. प्लॅटफॉर्मवर पाहत नाही का, जड सामान उतरायला वेळ लागतोच. तुझ्या मशीनमध्ये तो अडकून राहत असेल."

मुकुंदा माझ्याकडे पाहत राहिला. चष्मा काढून त्याने पुसला, पुन्हा घातला. मग माझ्या मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताकडे त्याने पाहिलं, तेव्हा मला वाटलं की घड्याळाकडे पाहतो आहे.

"असू शकतं," तो म्हणाला. "बघतो मी."

मी काय खूश झालो! गेज रूमच्या माणसाला रिझर्वेशनवाल्याने शिकवलं, म्हणून घरी जाताना जिलबी घेऊन गेलो.

त्यानंतर मशीन सुधारलं असं मला वाटू लागलं. वाजवताना डग्गा मागेच यायचा, पण पुढच्या गुरुवारी मुकुंदा आधीचं रेकॉर्डिंग ऐकवायचा तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं. मी विचारायचो, हे कसं? तो म्हणायचा, मशीनमध्ये नंतर ठीक होतं. याच काळात तो लय कमी करायला लागला. जी भजनं आम्ही पळवत न्यायचो ती चालत न्यायला लागला. मी चिडून विचारलं की काहून एवढं संथ घेऊन राहिला, कोणाची मयत आहे? तो म्हणाला, आता घाई कशाची. आणि दोनदा त्याने मला नागपूरला चल म्हटलं. तिथे एक चांगले डॉक्टर आहेत, मला दाखवायचं आहे, सोबत तूही दाखवून घे, म्हणाला. मी विचारलं, मला काय झालं? काही नाही, उमर झाली ना, म्हणाला. मी गेलो नाही. मला वाटलं, एकट्याने जायला घाबरतो.

यंदाच्या गणपतीत मंडळाने आमचा कार्यक्रम ठेवला. मुकुंदाने मशीन हॉलमध्ये नेलं. पेटी, तबला, डग्गा सगळ्यांचे माइक त्यातून जाऊन स्पीकरला आवाज जात होता. तिसऱ्या भजनात डग्गा असा मागे पडला की माझी मलाच शरम वाटली. भजन संपलं, टाळ्या झाल्या, आणि मी माइक ओढून म्हटलं की मंडळी, माफ करा, आमचे सोनटक्के साहेब सध्या लिनक्स शिकून राहिले आहेत, त्यांचं मशीन जरा लेटलतीफ आहे, सांभाळून घ्या. हॉल हसला. मुकुंदाही हसला. त्याने लोकांसमोर हात जोडले, जणू खरंच त्याची चूक होती, आणि पुढच्या भजनाचा स्वर धरला.

त्यानंतर तीन गुरुवार मी गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. रागवावं त्याने, तर रागावून बसलो मी. दसरा झाल्यावर स्टेशनवरून त्याचा फोन आला.

"गौरीकडे निघालो आहे. नवीन कर्नल टाकून ठेवला. आल्यावर बसू."

मी म्हटलं, "ते मशीन आता भंगारात दे मुकुंदा."

मागे गाडीची घोषणा चालली होती. मग तो म्हणाला, "अच्छा... चलो, गाडी लागून राहिली."

हे आमचं शेवटचं बोलणं. पस्तीस वर्षांत मी त्याला याहून वाईट पुष्कळ बोललो आहे आणि तोही मला बोललेला आहे. पण त्या सगळ्यानंतर कुठला तरी पुढचा गुरुवार होता.

तेराव्यानंतर गौरी घर आवरायला आली. मला म्हणाली, काका, घर इतक्यात विकणार नाही, पण बाबांचा कॉम्प्युटर तुम्हीच सांभाळा. आम्ही सुरू करून पाहिलं तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, आमचं कामच नाही ते. तिने किल्ली माझ्या हातात दिली. चार दिवस ती शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. गुरुवारी अकराला गेलो.

पासवर्ड मॉनिटरच्या काठावर चिकटवलेला होता, त्याच्या फॅक्टरीतल्या टापटीप अक्षरात. रेकॉर्डिंगचा पडदा कसा उघडतो एवढं मला पाहून पाहून येत होतं. आमचं शेवटचं भजन उघडलं. पडद्यावर एकाखाली एक पट्ट्या. त्यांना त्याने मराठीत नावं दिली होती. पेटी. तबला. डग्गा. तबल्याची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. डग्ग्याच्या पट्टीचे मात्र तुकडे होते, शेकडो. प्रत्येक थाप कापून वेगळी केलेली आणि प्रत्येक तुकडा थोडा थोडा डावीकडे, म्हणजे आधी, सरकवलेला. मी दुसरं भजन उघडलं, तिसरं उघडलं. जुन्या भजनांत डग्गा अखंड होता. मग कुठे कुठे कापलेला. मग सगळाच कापलेला. आणि जितकं भजन अलीकडचं, तितका तुकडा जास्त सरकवलेला.

टेबलावर साऊंड कार्डची ती लहानशी डबी होती. तबल्याच्या माइकची वायर तिच्यातच जाते आणि डग्ग्याच्या माइकचीही. दोन्ही आवाज एकाच डबीतून, एकाच वायरने, एकाच ट्रेमध्ये जातात. उशीर मशीनला होत असता तर दोन्ही हातांना झाला असता. एवढी साधी गोष्ट... उजवा हात वेळेवर आणि डावा उशिरा, असं मशीन करूच शकत नाही.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. ज्या माणसाने जन्मभर साहेबाच्या बापालाही रिजेक्ट म्हणून सांगितलं, त्याने मला सांगितलं नाही. मला त्याने गुपचूप दुरुस्त करून पास केलं. मी काय इतका नाजूक होतो? रिकाम्या घरात मी मोठ्याने त्याला दोन शिव्या दिल्या, आणि मग त्या मराठीतून दिलेल्या ऐकायला कोणी नाही हे ध्यानात आलं आणि रडू आलं.

त्याचा फोरम उघडा होता. त्याने तिथे सहा महिन्यांपूर्वी विचारलेलं सापडलं. इंग्रजी मोडकं होतं, अर्थ स्पष्ट होता. माझा मित्र तबला वाजवतो, उजवा हात वेळेवर आहे, डावा मागे पडतो, दोन्ही माइक एकाच कार्डवर आहेत, यात मशीनचा दोष असू शकतो का? कोणीतरी उत्तर दिलं होतं की नाही, मित्राला डॉक्टरकडे ने, आणि त्याला खरं सांग. त्याखाली मुकुंदाने लिहिलं होतं, "सांगितलं तर तो वाजवणं सोडेल. वाजवणं सोडलं तर माझ्या घरी यायला त्याला काही कारण उरणार नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटत होतं की एकटा मीच आहे. त्याच्याकडे जगभरचे फोरमवाले होते, मशीन होतं, डोकं होतं. गुरुवारची गरज मला होती असं मी धरून चाललो होतो.

त्याच्याच नावाने मी तिथे लिहिलं की मुकुंद वारला, मी त्याचा तो मित्र. आणि विचारलं की सरकवलेले तुकडे मूळ जागी कसे न्यायचे. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली, कुठून कुठून. त्यांनी समजावलं की खालचा मूळ आवाज पुसला जात नाही, तो तसाच असतो, फक्त मांडणी बदललेली असते. आणि तो कसा परत आणायचा ते एकेक पायरीने सांगितलं. एकाने लिहिलं होतं की इथे लोक प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळालं की गायब होतात, हा गृहस्थ मात्र दर वेळी परत येऊन काय झालं ते सांगायचा. त्याला त्यांच्यातल्या कोणी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलं, इथेच. त्यांनी बोटं आपटायला लावली, हात वळवायला लावला, हॉस्पिटलच्या बोळातून चालायला लावलं. कंपवाताची सुरुवात आहे म्हणाले. हात थरथरत नाही, फक्त उशिरा निघतो. गोळ्या सुरू आहेत. त्यांनी आजाराचा वेग कमी होईल, तो थांबणार नाही, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मला ते बरं वाटलं.

मागच्या महिन्यात मंडळाने मुकुंदासाठी सभा ठेवली. मला बोलायला सांगितलं आणि त्याचं एखादं रेकॉर्डिंग ऐकवा म्हणाले. माझ्याकडे त्याने दुरुस्त केलेलं भजन होतं, निर्दोष. आणि फोरमवाल्यांच्या मदतीने उघडं केलेलं मूळही होतं. मी मूळ नेलं. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर उभा राहून सांगितलं की गणपतीत मी इथून त्याच्या मशीनला लेटलतीफ म्हटलं होतं. मशीन वेळेवर होतं. हात माझा मागे पडतो. त्याला माहीत होतं आणि तुम्ही हसलात तेव्हा त्याने हात जोडले... एवढं सांगून रेकॉर्डिंग लावलं. डग्गा प्रत्येक समेला मागून येत होता. मी मान खाली घालून ते सगळं ऐकलं.

संपलं तेव्हा लोक उठून जवळ आले. अध्यक्ष म्हणाले, किती स्वच्छ रेकॉर्डिंग आहे हो. एक बाई म्हणाल्या, तबला तर फारच गोड. मुकुंदाच्या फॅक्टरीतले एक सहकारी आले होते, त्यांनी माझा हात हातात घेतला. "आपने बड़ी बात कही भैया," ते म्हणाले, "पर सच बताऊँ, हमको तो कुछ लेट नहीं लगा." मग कोणीतरी चहाचा कप दिला आणि मी तो घेऊन उभा राहिलो. गणपतीतही कोणाला उशीर ऐकू आला नव्हता. माफी मागायची गरज तेव्हाही नव्हती, आताही कोणाला ती कळली नाही. तो उशीर ऐकू येणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता.

मी अजून गुरुवारी जातो. खिडक्या उघडतो, मशीन सुरू करतो, रजया झटकतो. महिनाभर नुसता बसून यायचो. गेल्या गुरुवारी त्याच्या फायली पाहताना एक दिसली जी आधी उघडली नव्हती. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशीची, फक्त पेटी. परत आल्यावर मी त्यावर वाजवावं म्हणून भरून ठेवलेली. मी हेडफोन घातला, जोडी पुढे ओढली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. लय संथ होती, ती अपेक्षा होतीच. पण समेवर आलो तेव्हा उजवा हात पडला, पेटी थांबली, आणि मग डग्गा आणि पेटी एकदम आले. पुन्हा सम आली, पुन्हा तेच. मला वाटलं योगायोग. पूर्ण भजन वाजवलं. जिथे जिथे डग्ग्याची थाप आहे तिथे त्याचा स्वर किंचित थांबून येतो, माझा हात पोचेपर्यंत. त्याने मशीन नाही, स्वतःचं वाजवणं मागे घेतलं होतं. मी पडद्यावर पाहिलं, डग्गा आणि पेटी रेघेला रेघ लावून उभे होते, काहीही न सरकवता.

हात आणखी मागे जाणार आहे. पेटी जिथे थांबली आहे तिथेच थांबेल, तिला आता आणखी थांबवणारा नाही. कधीतरी मी तिच्याही मागे पडेन. तोवर दर गुरुवारी अकरा वाजता आम्ही दोघं समेवर बरोबर येतो.